चंद्राला मोठं खळं पडलंय, बेदाण्यावर कागद ओढावा का?

तासगाव_शेड
काल रात्री नऊच्या सुमारास चंद्राभोवती मोठं, फिकट रिंगण होतं. आतली कड जरा तांबूस. ‘लांबचं खळं, जवळचा पाऊस’ असं इकडं म्हणतात. शेडवर द्राक्षं बेदाण्यासाठी सुकायला टाकून आठ दिवस झालेत, अजून तेवढेच लागतील. आजच प्लास्टिकचा कागद ओढू की थांबू? मार्चचा भरवसा नाही.

कृष्णाकाठ
दादा, आधी खळं मोजा. हात ताठ करा, पंजा ताणा, अंगठ्याचं टोक चंद्रावर ठेवा. करंगळी रिंगणापर्यंत पोचली तर ते २२ अंशांचं खळं. उंचावरच्या पातळ ढगात बर्फाचे षटकोनी कण असतात, ते ६० अंशांच्या लोलकासारखं काम करतात. त्यातून प्रकाश साधारण २२ अंशांपेक्षा कमी वळूच शकत नाही. म्हणून रिंगणाच्या आतलं आभाळ काळपट दिसतं, आणि तांबडा रंग सगळ्यात कमी वळत असल्यानं आतल्या कडेला येतो.

चंद्राला चिकटून दोन-तीन बोटांत संपणारं, बाहेरून तपकिरी कडेचं वलय असतं ते वेगळं. ते पाण्याच्या बारीक थेंबांमुळे, बहुधा खालच्या ढगात होतं. म्हणीत घोळ इथंच आहे. मोठं खळं जवळ-लांब होत नाही, ते २२ अंशांवरच राहतं. चंद्र खाली असताना थोराड वाटतं, पण पंजा लावला की तेवढंच भरतं.

वाई_आभाळ
बरोबर, पण म्हण अगदीच टाकाऊ नाही. हंगाम बघायचा.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं की त्याचे उंच ढग शेकडो किलोमीटर पुढं पसरतात. तेव्हा खळं दिसलं, मग पुसट होत गेलं आणि चंद्र दुधी काचेआडून दिसायला लागला, तर ढग जाड होत चाललाय. अशा वेळी सावध राहावं.

मार्च-एप्रिलमध्ये आपल्याकडं वळीव. सकाळी आभाळ निरभ्र, दुपारी दोननंतर ढग कोबीच्या गड्ड्यासारखे वर चढतात आणि तास-दोन तासांत कोसळतात. आदल्या रात्रीच्या खळ्याला यातलं काही कळत नाही. उलट ते खळं लांब कुठंतरी विझलेल्या वळवाच्या ढगाच्या वरच्या पसाऱ्यातलंही असू शकतं, म्हणजे दुसरीकडं पडून गेलेल्या पावसाचं उरलंसुरलं.

माणदेश
आणि खळ्यात जेवढ्या चांदण्या, तेवढ्या दिवसांनी पाऊस, हे?

वाई_आभाळ
चंद्र रोहिणीपाशी असला की त्याच रिंगणात रोहिणीचा तारा आणि कृत्तिकांचा पुंजका दोन्ही येऊ शकतात. चार-पाच दिवसांनी चंद्र पुढं सरकलेला, आत मोजायला वेगळ्याच चांदण्या. पौर्णिमेच्या उजेडात तर बारीक तारे दिसतही नाहीत. यावर पाऊस ठरवायचा म्हणजे अवघडच आहे, राव.

बेदाणा_मळा
मूळ प्रश्नाचं बोलू. आत्ताच कागद ओढून बसू नका. दिवसा कागद बंद राहिला तर आत दमट हवा कोंडते, सुकणं लांबतं आणि हिरवा माल तांबूस पडतो. कागद बाजूला गुंडाळून, दोऱ्या बांधून तयार ठेवा. वाऱ्याच्या बाजूची दोरी आधी सुटली पाहिजे, कारण वळीव तिरका शिरतो आणि माल पसरलेल्या बाहेरच्या जाळ्या पहिल्यांदा भिजतात. अर्धवट सुकलेल्या मालावर पाणी गेलं की मणी चिकटतात, डाग पडतात, बुरशी धरते. पाऊस थांबला की लगेच कागद वर करून वारा खेळू द्या.

दुपारनंतर हवामान खात्याचा तीन तासांचा इशारा आणि गोव्याच्या डॉप्लर रडारचं (पावसाचे ढग टिपणारं यंत्र) चित्र बघत राहा, सांगलीचा पट्टा त्यात येतो. विजांसाठी ‘दामिनी’ ॲप.

तासगाव_शेड
अंदाजानं पंजाएवढंच होतं. दोऱ्या बांधून घेतो. मोबाईलच्या फोटोत मात्र रिंगणाच्या आत अजून एक हिरवट ठिपका आलाय, तो कसला?

कृष्णाकाठ
तो भिंगातला परावर्तित उजेड. आज खळं दिसलं तर चंद्र विजेच्या खांबाआड किंवा पत्र्याच्या कडेआड घेऊन फोटो काढा. ठिपका जाईल, खळं राहील.