डर्टसाठी बनवलेली आरएक्स १०० जाम: नुसता बोअर-पिस्टन की पूर्ण इंजिन?

भांडुपचा_धुरळा: यामाहा आरएक्स १००, टू-स्ट्रोक, मातीत पळवायला डर्ट टायर लावलेली. ऑइल पंप काढलाय, पेट्रोलमध्येच लिटरला २० मिली टू-टी (टू-स्ट्रोकचं ऑइल) घालतो. चौथ्या गियरमध्ये फुल थ्रॉटलवर इंजिन आवळलं. न्यूट्रलमध्ये चाक मोकळं फिरतं, पण किक खाली जात नाही. एक मेकॅनिक म्हणतो पूर्ण इंजिन उघडू, दुसरा म्हणतो बोअर मारून (सिलिंडर आतून कापून) ०.५० मिमी मोठा पिस्टन टाका, झालं. पैसे घालण्याआधी नेमकं काय तपासू?

मॅग्नेट_पुलर: नुसत्या किकवरून ठरवू नका. किकचा गियर अडकला तरी ती अशीच घट्ट होते. प्लग काढा, डावीकडचं कव्हर उघडा, मॅग्नेटच्या नटाला पाना लावून हलक्या हाताने फिरवून बघा, नट आवळायच्या दिशेने. क्रँक फिरला तर दोष किकमध्ये. नाही फिरला तर जोर लावू नका, आणि गियर टाकून गाडी तर अजिबात ढकलू नका. रिंगचा तुकडा पोर्टमध्ये (सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडकीत) अडकला असेल तर स्लीव्ह, म्हणजे सिलिंडरचं आतलं अस्तर, उभी चिरत जाते. प्लगच्या भोकातून डिझेल आणि टू-टी निम्मं-निम्मं, ३०-४० मिली ओता आणि रात्रभर ठेवा. पावसाळाभर उभी राहून गंजलेल्या इंजिनाला दोन-तीन दिवस लागतात. तुमचं चालता चालता आवळलंय, बहुतेक लवकर सुटेल. सुटलं तरी चालू करू नका.

मग हेड आणि ब्लॉक काढा. ब्लॉक उचलताना रॉडभोवती, चेंबरच्या (क्रँककेसच्या) तोंडात स्वच्छ फडकं कोंबा. पिस्टन पुसूही नका, काय झालं ते त्याच्यावरच लिहिलेलं असतं. ओरखडे फक्त सायलेन्सरच्या बाजूला असतील तर तेल कमी पडलं किंवा मिश्रणात हवा जास्त झाली. चार कोपऱ्यांवर चार उभे पट्टे असतील तर इंजिन तापण्याआधीच ताणलं, किंवा बोअरच घट्ट मारला होता. कार्ब्युरेटरच्या बाजूचा स्कर्ट (पिस्टनचा खालचा भाग) घासून राखाडी झाला असेल तर फिल्टरमधून धूळ आत गेली. आपल्याकडच्या लाल मातीत हे फार होतं. माथ्याची कड वितळली असेल तर हवा जास्त किंवा नॉकिंग. लिटरला २० मिली म्हणजे ५० ला १. फुल थ्रॉटलच्या डर्टला मी लिटरला ३० मिलीच्या खाली जाणार नाही.

चेन_स्प्रॉकेट: स्लीव्हला चिकटलेलं ॲल्युमिनियम फरशी धुवायच्या ॲसिडने निघतं म्हणे. मग होन करून (आतून हलकं घासून) तोच पिस्टन चालेल?

बोरिंगवाला: नाही. तो उपाय प्लेटिंगवाल्या सिलिंडरचा, केएक्स किंवा वायझेड या परदेशी डर्ट बाइकचा. त्यांना बोअर मारता येत नाही म्हणून ती खटपट. आरएक्सची स्लीव्ह बिडाची, ॲसिड तिलाही खातं आणि बाहेरच्या ॲल्युमिनियमलाही. ओरखडलेला पिस्टन परत टाकायचाच नाही.

आधी पिस्टन विकत घ्या, मग बोअर मारा. माप त्या पिस्टनच्या स्कर्टवर घेऊन ०.०४ ते ०.०५ मिमी मोकळीक ठेवायची. मूळ बोअर ५० मिमी. ०.२५ मध्ये ओरखडे जात असतील तर ०.५० कशाला? साइज शेवटी १.०० पर्यंतच, त्यापुढे नवी स्लीव्ह. बोअरनंतर पोर्टच्या कडा मारून घेतल्यात का ते बोट फिरवून बघा. धार राहिली तर नवी रिंग तिथेच अडकून तुटते, आणि हे काम सगळ्यांत जास्त विसरलं जातं. पिस्टनवरचा बाण सायलेन्सरकडे. सर्क्लिप आणि गजन पिनचं (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनचं) नीडल बेअरिंग नवंच.

आता मुख्य प्रश्न. पूर्ण इंजिन उघडायचं की नाही हे पिस्टन ठरवत नाही, क्रँक ठरवतो. रॉड वर आणून सरळ वर-खाली ओढा. जरा जरी टकटक जाणवली तर बिग एंड (रॉडचं क्रँककडचं बेअरिंग) गेला. डावी-उजवीकडची थोडी हालचाल चालते. रॉड खाली निळा पडला असेल, मॅग्नेट धरून क्रँक वर-खाली हलत असेल, किंवा रिंगचा एखादा तुकडा सापडत नसेल, तर चेंबर उघडायचाच. मग रॉड किट, दोन्ही मेन बेअरिंग, दोन्ही ऑइल सील एकदमच बदला आणि क्रँक डायल गेजवर ०.०३ मिमीच्या आत सरळ करून घ्या. जुना रॉड सोबत घेऊन ऑपेरा हाउस किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडच्या स्पेअर पार्ट्सच्या बाजारात जा. ही गाडी १९९६ ला बंद झाली, डुप्लिकेट माल भरपूर आहे.

यातलं काही नसेल तर दुसऱ्या मेकॅनिकचं बरोबर, फक्त ०.५० सोडून.

मॅग्नेट_पुलर: एक भर. बंद करताना लीक टेस्ट कराच. इनटेक आणि एक्झॉस्ट रबराने बंद करून ६ पीएसआय हवा भरा, ६ मिनिटं टिकली पाहिजे. मॅग्नेटकडचं सील किंवा कार्ब्युरेटरचं रबर फाटलं असेल तर हवा ओढली जाते आणि नवा पिस्टनही त्याच जागी आवळतो. क्लचकडचं सील गेलं तर पांढरा धूर येतो आणि गियर ऑइल कमी होत जातं.

भांडुपचा_धुरळा: ब्लॉक काढला. ओरखडे फक्त सायलेन्सरच्या बाजूला, रिंगा अख्ख्या, रॉडला वर-खाली काही नाही.

बोरिंगवाला: मग चेंबरला हात लावू नका. ०.२५ चा पिस्टन टाका, आणि बंद करताना लीक टेस्ट. टाकीतलं जुनं मिश्रण काढून टाका.