प्रति: शेपटी अर्धवट भरते, पाठीवर खड्डा पडतो

दादा, साच्यात बनवलेल्या मासेमारीच्या मऊ प्लास्टिक आमिषाची शेपटी अर्धवट भरते आणि पाठीवर खड्डा पडतो म्हणालात, ही दोन वेगळी दुखणी आहेत.

खड्डा पडतो कारण प्लास्टिसोल (तापवून साच्यात भरतो तो पीव्हीसीचा माल) थंड होताना आकसतं. साचा भरला की इंजेक्टर (माल दाबून भरायची पिचकारी) लगेच उचलू नका. दट्ट्या दाबूनच धरा, तोंडाशी थोडा जादा माल राहू द्या. आकसताना आमिष तिथनंच माल ओढून घेतं.

शेपटीचं म्हणाल तर साच्याच्या थंड ॲल्युमिनियमला लागताच पातळ भागातला माल थिजतो. पहिले एक-दोन शॉट साचा तापवायलाच गेले म्हणायचं. तरी भरली नाही तर आत हवा अडकतीय. उद्यमनगरात (कारखान्यांच्या वसाहतीत) एखाद्या मशीन शॉपवाल्याकडून शेपटीच्या टोकापासून बाहेरपर्यंत साच्यात हवा निघायला केसभर खाच मारून घ्या. खोल नको, नाहीतर प्रत्येक नगाला मिशा (जादा मालाचे पातळ धागे) फुटतील आणि कात्री घेऊन बसाल.

वर कुणीतरी 'उकळी येईपर्यंत तापवा' लिहिलंय, ते अजिबात ऐकू नका. माल आधी दुधासारखा, मग घट्ट गोळा, मग साधारण 175 अंश सेल्सिअसला पातळ आणि नितळ होतो. तिथंच थांबायचं. पिवळा पडला म्हणजे करपायला लागला, आणि करपलेल्या पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह तर नकोच (वहिनी काय म्हणतील ते वेगळंच). आपल्याकडच्या पावसाळ्यात भांडं, ढवळणी कोरडी ठणठणीत पाहिजे. थेंबभर पाण्यानं गरम माल अंगावर उडतो.

मरळीसाठी करणार असाल तर सॉफ्टनर (माल मऊ करणारं द्रव्य) कमी घाला, तिचे दात मऊ रबर टिकू देत नाहीत.