फ्रिज थंड करीत नाही, तेव्हा दोष कसा सापडला? (अनुभव धागा)

शेजारी आलेल्या मेकॅनिकने काल फ्रिजमध्ये नुसता हात घालून "गॅस गेलाय" असे जाहीर केले आणि मला आमचा दादरचा जुना, दोन दारांचा फ्रॉस्ट-फ्री फ्रिज आठवला. त्याच्याही बाबतीत आम्हाला हेच सांगण्यात आले होते. वास्तविक वरच्या फ्रीजरमध्ये बर्फ व्यवस्थित होत होता आणि दूध नासत होते ते खालच्या कप्प्यात. दुसऱ्या मेकॅनिकने फ्रीजरच्या आतली मागची पट्टी उघडली, तर कॉइल (थंडावा देणारी नळ्यांची गुंडाळी) पांढऱ्या बर्फाने पूर्ण बुजलेली होती, त्यामुळे पंखा फिरत असूनही गार हवा खाली उतरत नव्हती. डीफ्रॉस्टचा, म्हणजे कॉइलवर साचलेला बर्फ अधूनमधून वितळवणारा, हीटर जळाला होता. तो बदलला, गॅसला हात लावावा लागला नाही. आपल्याकडे दोष कशात निघाला आणि तो कसा ओळखला, हे कृपया सविस्तर लिहावे.

मुलुंडकर: आमचा एकदारी होता. कंप्रेसर काही क्षण घुमायचा, मग 'टक्' असा आवाज होऊन गप्प बसायचा आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच. कंप्रेसरच्या बाजूला बसवलेला रिले (कंप्रेसर सुरू करून देणारा छोटा स्विच) काढून कानाशी हलवला, तर आत तुटलेला तुकडा खुळखुळत होता. स्वस्तातले काम निघाले. मात्र व्होल्टेज कमी असले किंवा कंप्रेसरच जाम झाला असला तरी हीच लक्षणे दिसतात, म्हणून मेकॅनिकने आधी मीटर लावून व्होल्टेज तपासले होते.

सासर_गिरगाव: हे सगळे वाचून विचारते, की मग गॅस कधी जातच नाही का?

वरळीचा_वारा: जातो की! आमच्याकडे खाऱ्या हवेने मागची, उष्णता बाहेर टाकणारी नळ्यांची जाळी गंजून तिला सुईच्या टोकाएवढे भोक पडले होते. कंप्रेसर अखंड चालू, जाळी जेमतेम कोमट, आणि फ्रीजरमध्ये गॅस जिथून शिरतो तेवढ्याच कोपऱ्यात बर्फ, बाकीची कॉइल कोरडी, असे चित्र होते. गळती न शोधता गॅस भरून देणारे पुष्कळ भेटतात आणि तो गॅस पुन्हा जातो. आमच्या माणसाने नायट्रोजनचा दाब देऊन साबणाच्या पाण्याने गळती शोधली, गॅसच्या नळीतला ओलावा शोषणारा फिल्टर बदलला, व्हॅक्यूम केले (नळ्यांतली हवा पंपाने काढून टाकली) आणि मगच वजनकाट्यावर मोजून गॅस भरला. नव्या फ्रिजांत बहुधा आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन असतो. तो ज्वलनशील आहे, त्यामुळे फ्रिजच्या पाटीवरचे गॅसचे नाव न वाचता नळ्या जोडायची ज्योत पेटवणाऱ्याला घरात घेऊ नये.

मुलुंडकर: ज्या फ्रिजांना मागे जाळी दिसत नाही, त्यांत ती बहुधा बाजूच्या पत्र्यांत असते. ते पत्रे गरम लागतात ते योग्यच असते. आमच्या मातोश्री त्यालाच बिघाड समजून दर आठवड्याला फोन करतात.

सासर_गिरगाव: आमच्याकडे दाराचे रबर सैल झाले होते आणि पावसाळ्यातली दमट हवा आत शिरून बर्फ साठत होता. दारात नोट धरून दार लावले आणि ओढली, तर ती अलगद बाहेर आली. रबर गरम पाण्याच्या फडक्याने शेकल्यावर पुष्कळसे बसले. दार उघडे ठेवून 'खायला काय आहे' हे पाहत उभ्या राहणाऱ्या मंडळींचा दोष मात्र कोणत्याही मेकॅनिकला सापडत नाही.

डोंबिवली_फास्ट_ट्रॅक: गणपतीत सारणाचे पातेले मागच्या झरोक्याला टेकवून ठेवले होते, तेवढ्यानेच खालचा कप्पा गरम झाला. पंखा तपासताना दाराचा स्विच बोटाने दाबून धरावा, कारण बऱ्याच मॉडेलांत दार उघडताच पंखा थांबतो. एक शंका आहे: बर्फाने कॉइल बुजली आहे, हे पट्टी न उघडता कसे कळावे?

धागाकर्ता: फ्रिज रिकामा करून, बंद करून, दारे उघडी ठेवून रात्रभर राहू द्यावा आणि खाली फडकी पसरावीत. त्यानंतर काही दिवस उत्तम चालून तो पुन्हा खालूनच गरम होऊ लागला, तर संशय हीटर, त्याचा थर्मोस्टॅट (तापमानानुसार चालू-बंद होणारा स्विच) किंवा त्याला ठरावीक वेळाने चालू करणारा टायमर यांवर घ्यावा. गॅस कमी असेल, तर अशा विश्रांतीनंतरही तो पूर्ववत थंड करीत नाही.