दीपगृहाचे जतन म्हणजे नेमके कशाचे जतन?

प्रश्न
जुन्या दीपगृहांच्या संवर्धनाविषयी वाचताना एक शंका कायम राहते. बुरूज उभा असतो, पण मूळ भिंग संग्रहालयात गेलेले असते, त्याच्या जागी लहानसा एलईडी दिवा आलेला असतो, आणि किनारा खचू लागला तर काही ठिकाणी संपूर्ण इमारतच मागे सरकवली जाते. जागा, बांधकाम, भिंग आणि प्रकाश यांपैकी काय टिकले म्हणजे दीपगृह टिकले असे मानावे? इमारत हलवण्याविषयीची मते विशेष करून वाचायला आवडतील.

प्रतिसाद १
इमारत हलवली की तिचा इतिहास पुसला जातो, हे मला मान्य नाही. अमेरिकेतील केप हॅटरस दीपगृह १८७० मध्ये उभारले गेले तेव्हा समुद्र सुमारे दीड हजार फूट दूर होता. पुढे वाळू वाहून गेली, लाटा पायथ्याजवळ आल्या, आणि १९९९ मध्ये तो विटांचा बुरूज अखंड उचलून सुमारे २,९०० फूट आत नेण्यात आला. रखवालदारांची घरेही त्याच मांडणीत सोबत नेली, त्यामुळे समुद्र, बुरूज आणि घरे यांचे परस्परांशी असलेले मूळ नाते बरेचसे परत मिळाले. इंग्लंडमधील एडीस्टोनच्या खडकावर जॉन स्मीटन यांनी १७५९ मध्ये पूर्ण केलेल्या बुरुजाचे मात्र तसे झाले नाही. लाटांनी खालचा खडक पोखरल्यामुळे वरचा भाग उतरवून प्लिमथ येथे जमिनीवर पुन्हा रचला गेला आणि तळाचा भाग आजही खडकावरच आहे. एकमेकांत खाचांनी गुंतवलेले दगड आणि पाण्यातही घट्ट होणारा चुना यांमुळे तो बुरूज अभियांत्रिकीच्या इतिहासात महत्त्वाचा ठरला. म्हणून हे अर्धवट जतनही मला मोलाचे वाटते.

प्रतिसाद २
स्थलांतराचीच चर्चा अधिक होते, याचे वाईट वाटते, कारण बहुतेक दीपगृहांना खरा धोका ओलाव्याचा असतो. रखवालदार खिडक्या उघडत, शेगडी पेटवत, गंज खरवडून रंग देत. दिवे स्वयंचलित झाले, माणसे गेली, आणि ही रोजची निगा थांबली. त्यानंतर चुन्याच्या जुन्या सांध्यांत सिमेंट भरले किंवा भिंतीला हवा न जाऊ देणारा रंग लावला, तर आत शिरलेले खारे पाणी बाहेर पडू शकत नाही, मिठाचे स्फटिक फुगतात आणि वीट भुगा होऊन गळू लागते. चांगल्या हेतूने केलेल्या अशा दुरुस्तीने होणारे नुकसान वादळापेक्षा कमी नसते. म्हणून निधी मोजका असेल तर तो आधी चुन्याचे काम, वायुवीजन आणि वरच्या काचघराची गळती यांवर खर्च व्हावा.

प्रतिसाद ३
भिंगाबद्दल थोडे लिहितो. ओगुस्तँ फ्रेनेल यांचे भिंग १८२३ मध्ये फ्रान्समधील कोर्दुआँ दीपगृहात बसवले गेले, आणि लोलकांच्या वलयांनी विखुरणारा प्रकाश एकत्र करून क्षितिजाकडे वळवण्याची ही पद्धत जगभर पसरली. पुढील काळातील अनेक अवजड फिरती भिंगे पाऱ्यावर तरंगत असत. पाऱ्याची वाफ विषारी असल्यामुळे ती हलवण्याचा निर्णय नेहमीच चुकीचा नसतो. तरीही भिंग सुस्थितीत असेल आणि पाऱ्याचा धोका नसेल, तर ते बुरुजातच ठेवून आतला दिवा तेवढा बदलावा, असे माझे मत आहे, कारण ते ठरावीक उंचीसाठी आणि ठरावीक क्षितिजासाठी बसवलेले असते. दिवसा उन्हापासून झाकण्यासाठी पडदे मात्र हवेतच. रखवालदारही ते लावत असत.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. मग स्पेनमधील हर्क्युलीसच्या मनोऱ्याबद्दल काय म्हणाल? गाभा रोमन आहे, बाहेरचे दगडी आवरण अठराव्या शतकातील आहे, आणि दिवा आजही लागतो.

प्रतिसाद २
तेथे वापर अखंड राहावा म्हणून प्रत्येक काळाने भर घातली, आणि ती भरही आता जतनाचाच भाग आहे. ते आवरण काढून रोमन भिंती उघड्या करणे, हे माझ्या दृष्टीने नुकसानच ठरेल.