आईचं वळण आणि उंदराची पिल्लं

ऑटिझमचा (स्वमग्नतेचा) अभ्यास उंदरांवर करतात म्हटलं की काही जण विचारतात, 'उंदराला कुठला ऑटिझम?' सवाल रास्त आहे. तपासतात ती एक-दोन लक्षणंच: तो अनोळखी उंदराजवळ जातो का, एकच कृती किती वेळ करत राहतो. पण म्हणून 'अशा प्रयोगांतून काहीच कळत नाही' हे त्यांचं म्हणणं काही पटलं नाही. बीटीबीआर नावाच्या वाणाचे उंदीर तीन कप्प्यांच्या पेटीत सोडले तर दुसऱ्या उंदराकडे फारसे फिरकत नाहीत, आणि स्वतःचं अंग साफ करण्यात मात्र नको इतका वेळ घालवतात. सी५७ वाणाचे उंदीर मिसळणारे. अमेरिकेत उंदरांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या जॅकलिन क्रॉली यांच्या गटाने या दोन्हींची पिल्लं जन्मल्यावर लगेच एकमेकांच्या आयांकडे दिली (२००७ चा अभ्यास). बीटीबीआरची पिल्लं सी५७ आईकडे वाढूनही अलिप्तच राहिली, आणि सी५७ची मिसळतीच. म्हणजे हा फरक आईच्या वळणाने आलेला नव्हता.

आमच्या फोंड्याच्या घरी चवथीला सगळे जमले की ऑटिझम असलेल्या भाच्याकडे बघून कोणीतरी हमखास म्हणतं, "आवयनं हातात मोबाईल दिला, दुसरं काय!" ताई ऐकून घेते, मला नाही ऐकवत. उंदरांवरून माणसाचा निकाल लागत नाही हे मान्य, पण सगळं खापर वळणावर फोडणाऱ्यांनी एवढं तरी वाचावं.

फक्त बीटीबीआरवरून नेमका कुठला जनुक कारणीभूत हे ठरत नाही. या उंदरांत मेंदूचे दोन अर्धे भाग जोडणारा मुख्य पूलच नसतो, शिवाय इतर फरकही बरेच. त्यासाठी शँक३सारखा, ऑटिझमशी संबंध आढळलेला एकच जनुक बिघडवलेले उंदीर जास्त कामाचे.