मत्तय २८:१७ – समोर बघूनही संशय? संडे स्कूलच्या मुलीला काय सांगू

संडेस्कूल_टीचर:
सर्वांना सलाम. मी चर्चमध्ये सातवी-आठवीच्या मुलांचा वर्ग घेते. मागच्या रविवारी बायबलमधल्या मत्तय या पुस्तकाचा शेवटचा अध्याय होता, अकरा शिष्य गालीलात डोंगरावर जातात, मरणातून उठलेला येशू दिसतो, ते नमन करतात आणि लगेच पुढे आहे की कित्येकांना संशय वाटला. मी ते वाचून तशीच पुढे निघाले कारण मला "सर्व राष्ट्रांतील लोकांना शिष्य करा" यावर यायचं होतं. तर एका मुलीने हात वर केला, म्हणाली टीचर थांबा ना, तो समोर उभा आहे मग आता संशय कसला? मी म्हटलं पुढच्या रविवारी सांगते. मला उत्तर येत नव्हतं हो, आणि इतकी वर्षं ती ओळ वाचून मला हा प्रश्न कधी पडला नाही याचंच जास्त वाईट वाटतंय. तिचे बाबा दोन वर्षांपूर्वी गेलेत, त्यामुळे काहीतरी गोड बोलून वेळ मारून न्यायची नाहीये मला.

पोथीवाचक:
ताई, मुलीने बरोबर जागी बोट ठेवलंय. मूळ ग्रीकमध्ये तिथे जे क्रियापद आहे, दिस्ताझो, ते बायबलच्या अख्ख्या नव्या करारात फक्त दोनदा येतं आणि दोन्ही वेळा मत्तयमध्येच. एक हे डोंगरावरचं, दुसरं १४:३१, पेत्र पाण्यावर चालता चालता बुडायला लागतो तिथे. त्यात 'दोन' लपलेला आहे, आपण द्विधा म्हणतो ना अगदी तसंच, म्हणजे "मला हे पटत नाही" असं नाही तर एक पाय इकडे एक पाय तिकडे. आता पेत्राची गोष्ट हळू वाचा. तो ओरडतो, प्रभुजी वाचवा. येशू आधी हात पुढे करून त्याला धरतो, आणि धरल्यावर विचारतो की संशय का धरलास. हा क्रम मुलांना दाखवाच, आधी हात मग प्रश्न. पाण्यात असताना चौकशी नाही केली.

आणि डोंगरावरही बघा, संशय वाटलेल्यांना बाजूला काढलेलं नाही. तो जवळ येतो आणि जगभर जायची आज्ञा सगळ्यांनाच देतो.

वसईची_लेक:
आमच्याकडे कॅथलिक मिस्सामध्ये (उपासनेत) ईस्टरनंतरच्या रविवारी दरवर्षी थॉमसच्या प्रसंगाचंच शुभवर्तमान-वाचन असतं, येशू उठला हे पाहिल्याशिवाय मानणार नाही म्हणणारा शिष्य तो, त्यामुळे लहानपणापासून "अविश्वासू थॉमस" ऐकत आलेय आणि मला त्याच्याबद्दल नेहमी वाईट वाटतं. योहान २०:२० वाचा, येशू उठला त्या पहिल्या संध्याकाळी बाकीच्या शिष्यांना त्याने स्वतःहून हात आणि कूस दाखवली आणि मग ते आनंदले. थॉमस तेव्हा तिथे नव्हता. म्हणजे त्याने मागितलं काय तर बाकीच्यांना आधीच मिळालेलं तेच, फक्त जरा जास्त हट्टाने, बोट घालून बघेन म्हणाला. आणि हाच माणूस ११:१६ मध्ये म्हणतो की चला, आपणही त्याच्याबरोबर मरायला जाऊ. भित्रा बित्रा नव्हता.

मला सगळ्यात आवडतं ते मधले आठ दिवस. दहा जण म्हणतायत आम्ही पाहिलं, हा एकटा म्हणतोय मी मानणार नाही, आणि तरी आठ दिवसांनी तो त्यांच्यातच त्याच घरात आहे. त्यांनी हाकललं नाही, तोही निघून गेला नाही. आणि हो, त्याने खरंच बोट लावलं असं कुठेच लिहिलेलं नाही, चित्रांमध्ये दाखवतात तरी. लिहिलंय एवढंच की तो म्हणाला, माझा प्रभू आणि माझा देव.

इतिहासवेडा:
मी ख्रिस्ती नाही पण हा विषय आवडतो म्हणून लिहितोय. लोकांना पटवायला एखादा ग्रंथ लिहिला तर आपलेच मोठे लोक डळमळले हे आपण गाळून टाकू, इथे उलट आहे. मार्कच्या शुभवर्तमानाच्या सगळ्यात जुन्या दोन पूर्ण प्रती, चौथ्या शतकातल्या, १६:८ लाच थांबतात, बाया येशूच्या रिकाम्या कबरेपासून पळाल्या आणि भीतीने कोणाला काही बोलल्या नाहीत, संपलं. पुढच्या बारा ओळी नंतर कोणीतरी जोडल्या असं बहुतेक अभ्यासक मानतात, आणि गंमत म्हणजे त्या जोडलेल्या ओळींतही शिष्यांनी विश्वास ठेवला नाही हे तीनदा आलंय. लूकच्या शुभवर्तमानात तर येशू उठला हे बायांचं बोलणं शिष्यांना बरळल्यासारखं वाटलं. म्हणजे ही आठवण इतकी पक्की होती की कोणाला ती पुसावीशी वाटली नाही.

नगरचे_आजोबा:
बाळ, मुलीचे वडील गेलेत म्हणालीस म्हणून लिहितो. माझी पत्नी गेली तेव्हा वर्षभर मी उपासनेला जायचो पण गीत म्हणायचो नाही, पुस्तक उघडून नुसता उभा राहायचो. शेजारी बसणारे गृहस्थ रोज पान काढून द्यायचे आणि काही विचारायचे नाहीत. त्या वर्षात मला मार्क ९ मधल्या बापाची प्रार्थना तेवढी जमायची, ज्याचा मुलगा लहानपणापासून आजारी होता तो, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा. एकाच वाक्यात दोन्ही. आणि येशूने आधी विश्वास पक्का कर मग ये असं त्याला सांगितलं नाही, पोरगं बरं केलं. मुलीला उत्तर नाही दिलंस तरी चालेल, तिच्या शेजारी बस.

संडेस्कूल_टीचर:
सगळ्यांचे मनापासून आभार. आजोबा, तुमचं वाचून डोळ्यात पाणी आलं. आज वर्ग झाला. पेत्राचं आणि डोंगरावरचं एकत्र वाचलं, मुलांकडूनच क्रम शोधून घेतला, आधी हात. ती मुलगी गप्प ऐकत होती. नंतर चटया गोळा करताना जवळ आली आणि म्हणाली, टीचर, त्या कित्येकांची नावं का नाही लिहिली? मी म्हटलं मला माहीत नाही, तुला काय वाटतं. म्हणाली, बरं झालं नाही लिहिली, थॉमसला बघा ना लोक अजून चिडवतात. मग आम्ही दोघींनी उरलेल्या चटया उचलल्या.