मदत हवी आहे: ट्रेशम घराण्याची इस्टेट नेमकी कशामुळे गेली?

मंडळी, इंग्लंडच्या नॉर्थॅम्प्टनशायरमधल्या ट्रेशम घराण्याबद्दल जाणकारांची मदत हवी आहे.

सर थॉमस ट्रेशम कट्टर कॅथलिक. 1581 च्या कायद्याने सरकारमान्य चर्चला न जाणाऱ्याला महिना 20 पौंड दंड होता. पुढे दंड थकवणाऱ्याची दोन तृतीयांश जमीनही सरकारजमा होऊ लागली. तरी या गृहस्थांची बांधकामाची हौस काही फिटेना! रश्टन या आपल्या मुख्य इस्टेटीवर सशांच्या राखणदारासाठी त्रिकोणी इमारत उठवली: तीन बाजू, तीन मजले, प्रत्येक भिंत 33 फूट, सगळं पवित्र त्रित्वाच्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा) नावाने. लिव्हडेनचं घर तर बिनछपराचंच राहिलं.

1605 मध्ये ते वारले, मागे डोंगराएवढं कर्ज. थोरला मुलगा फ्रान्सिस गनपावडर कटात (राजासकट संसद उडवून देण्याचा कॅथलिकांचा कट) अडकून त्याच डिसेंबरात टॉवर ऑफ लंडनच्या कैदेत मेला. मग धाकटा लुईस, आणि काही वर्षांतच रश्टन लंडनचे बडे व्यापारी विल्यम कोकेन यांच्या हातात.

मला वाटतं, सगळं खापर दंडावर फोडणं सोयीचं आहे. मुलींचे हुंडे, बांधकामं आणि कोर्टकचेऱ्या यांनीही हात धुऊन घेतले असणार. पण जप्तीतली जमीन मालकाला विकता यायची का? की आधीच नातलगांच्या नावे करून ठेवत? 1828 मध्ये रश्टनच्या भिंतीत चिणलेली घराण्याची कागदपत्रं सापडली. त्यांतले हिशेब कुणी वाचलेत का? छापील स्वरूपात कुठे मिळतील तेही सांगा.